मावशींचं तरंगतं घर

२ ऑगस्ट
घर तरंगेल का? कागदावर तर तरंगतंय. कागदावर काय, हत्तीही तरंगतो!

बेट वर्षागणिक समुद्राच्या पोटात जातंय. उधाणाचं पाणी आता थेट चुलीपर्यंत येतं. लोकांना बेट सोडावं लागू नये, असं घर बांधून दाखव म्हणून ऑफिसने मला इथे धाडलंय. लाकूड-पत्र्याचं हलकं घर, खाली हवाबंद पिंपं, चार कोपऱ्यांना चार उंच खांब. पाणी चढलं की घर खांबांत अडकवलेल्या कड्यांच्या आधाराने वर सरकणार, ओसरलं की खाली बसणार.

सभेत हशा पिकला. "बाई, आम्हाला घर हवंय, होडी नको!"

५ ऑगस्ट
गिऱ्हाईक मिळालं! जाळी विणणाऱ्या मावशी. त्यांचे यजमान जुने नावाडी — सगळे त्यांना कप्तान म्हणतात. मावशींनी सरळ सौदाच केला, "तरंगलं तर माझं, बुडलं तर तुझं." कप्तानांची एकच अट, तीही मावशींच्या तोंडून — फळ्या जुन्याच घराच्या. उंबरठाही तोच.

१४ ऑगस्ट
पाऊस. सुतार फिरकला नाही.

३० ऑगस्ट
घर उभं राहिलं. पण मावशी! दिवसभर माझ्या मागे. "हे पिंप फुटलं तर?" "वारा आला तर कुठल्या अंगाला झुकेल?" "आत तीन माणसं वाढली तर?" इतके प्रश्न तर आमच्या साहेबांनीही विचारले नाहीत. तीन माणसं कोण, विचारलं तर म्हणाल्या, "पाहुणे येतात की!" इथे? बेटावर? डोक्यात काय चाललंय कळत नाही.

८ सप्टेंबर
उधाण! भरदुपारी पाणी फळ्यांखाली शिरलं. मी आतच बसून राहिले. काय आवाज होईल, याचीच उत्सुकता. आधी काहीच नाही. मग एक लांबलचक कुर्रर्र — आणि घर पाळण्यासारखं हललं. खिडकीतलं झाड खाली गेलं! म्हणजे आम्ही वर.

मावशींच्या कपातला चहा सांडला नाही. कप्तान भिंतीला तळवा लावून उभे. मग म्हणाले, "जिवंत आहे." महिनाभरात माझ्याशी बोललेले पहिले शब्द!

९ सप्टेंबर
मावशी आज मोकळ्या झाल्या. लेक खाडीपलीकडे राहते, पदरात जुळी मुलं, जावई गेलेला. "रोज म्हणते, आई ये. पण हे कसले हट्टी! मेलो तरी घर सोडणार नाही म्हणतात."

मी म्हटलं, "आता सोडायची गरजच नाही, मावशी. येऊ दे किती पाणी यायचं ते."

माझ्याकडे बघून नुसत्या हसल्या. का?

२३ सप्टेंबर
चारही खांब जागेवर. घर नाही!

खांबांभोवती दोनदा फिरले. तेवढ्यात मावशींच्या लेकीचा फोन — हसतेय की रडतेय, कळेना. "आई-बाबा पोचले! पहाटेच्या भरतीला कड्या सोडल्या, दोन होड्यांनी ओढत आणलं. बाबा पुढे उभे राहून वाट दाखवत होते."

फोनमध्ये तिच्या मागून मावशी ओरडल्या, "तिला सांग, यांनी घर नाही हो सोडलं!"

फोन ठेवून वळले, तर शेजारीण उभी. म्हणाली, "माझंही बांध. खांब नकोत."