भिंतीपलीकडचा वर्ग

चि. शिवलीला,

धाकट्या जावेला आधी आशीर्वाद लिहितात. तो शेवटी जमला तर बघते. मधल्या सुट्टीत आपण एकाच डब्यातली भाकरी खातो, म्हणून हे तोंडावर बोलवत नाही. पत्रही तुला देणार नाहीच.

आपल्या महापालिकेच्या शाळेत एके काळी मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू असे सगळे वर्ग भरायचे. तेलुगूचा बंद पडला आणि त्या खोलीत तुझा सेमी इंग्रजीचा आला. आता तुझ्याकडं पोरं दाटीवाटीनं बसतात. माझ्या कानडीच्या वर्गात निम्मे बाक रिकामे.

मे महिन्यात पोरं मिळवायला आपण दोघी उन्हात दारोदार फिरलो. तू गेल्या वर्षीच बार्शीहून आमच्या घरात आलेली, तुला कानडी येत नाही. दारात बोलले मीच. अक्षताच्या आईनं मला चहा पाजला आणि म्हणाली, "कानडी तर घरात बोलतोच की, बाई. शाळेत पण तेच कशाला?" पोरीचं नाव तुझ्या वर्गात घातलं.

काल ती रडायला लागली. हुंदक्यांत काय म्हणते ते तुला कळेना. तू तिला माझ्याकडं आणलंस. "नीरु, नीरु," म्हणत होती. मी पाणी पाजलं, मांडीवर घेतलं. "अक्का, तुम्ही होता म्हणून बरं," म्हणालीस तू. लई बरं वाटलं मला.

आज सकाळपासून भिंतीला कान लावून होते. पोर रडलीच नाही. स्वच्छ म्हणाली, "टीचर, वॉटर."

आशीर्वाद राहू दे.

पलीकडच्या वर्गातली,
रुद्राणी