पॅलेटमध्ये नसलेला मोगरा

॥ श्री ॥
मल्लेश्वरम्, बेंगळूर
३ मार्च २०२५

चि. सौ. वासंतीस गोदूवहिनीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरल्याचं गुरुदत्तनं सांगितलं. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू बोलू देत नाहीस, म्हणून पत्रच लिहिते.

आमच्या गुरुदत्तच्या मनस्विनीचं लग्न वैशाखात धरलंय. मुलगा ध्रुव तुमच्या पुण्याचा, इथे एचएसआर लेआउटमध्ये राहतो. स्वभावानं सरी आहे, म्हणजे ठीक, माझ्या हातची कॉफी दोनदा मागून घेतो. पण लग्न कार्यालयात नाही, देवनहळ्ळीच्या पुढे एका शेतात, उघड्यावर. मी नातीला विचारलं, बेंगळूरची कार्यालयं काय ओस पडली? तर म्हणे नॅचरल वाटतं. नॅचरल वाटावं म्हणून त्या शेतातली रागी काढून प्लास्टिकचं हिरवं गवत अंथरणार आहेत.

फुलांसाठी विराज नावाचा मुलगा नेमलाय. त्याला फुलवाला म्हटलेलं चालत नाही, तो फ्लोरल डिझायनर. त्यानं आधी रंगांचे तुकडे दाखवले, पोलक्याचं कापड जुळवायला नेतात तसे. त्याला पॅलेट म्हणायचं. लग्नाची थीम काय, तर इटलीतल्या टेकडीवरची पहाट. मुहूर्त भर दुपारचा आहे हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही. झेंडू नको, कारण तो आयुधपूजेला बसगाड्यांना बांधतात. आंब्याची पानं नकोत, ती फार हिरवी आहेत.

हे सगळं मी गिळलं. पण मोगरासुद्धा नको म्हणाला तेव्हा माझं डोकं फिरलं. आपल्या घरची मुलगी मोगऱ्याच्या कळ्यांची जडे वेणीवर न चढवता बोहल्यावर उभी राहील? तुझी जडे मीच केली होती, तुझ्या बहिणींचीही. बाजारात मिळते ती पुठ्ठ्यावर सुईनं शिवलेली. आपली केळीच्या सोपाच्या दोऱ्यानं, बोटांनी गाठ मारून. तुम्ही पुण्याचे लोक सुईत ओवून गजरा करता, त्याला मी फुलांना इंजेक्शन देणं म्हणते हे तुला ठाऊकच आहे. मी सगळ्यांदेखत सांगून टाकलं, की माझ्या हातची जडे नसेल तर मी त्या शेतात पाऊल टाकणार नाही.

बाकी क्षेम. उन्हाळा आहे, तळी आटतील. तुझी माया आटू देऊ नकोस.

तुझी गोदूवहिनी


॥ श्री ॥
पुणे
१४ मार्च २०२५

ती. गोदूवहिनीस वासंतीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र पोचलं. वाईट बातमी आधी सांगते. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशननंतर दोन-अडीच महिने प्रवासाचं नाव काढायचं नाही. म्हणजे मनूच्या लग्नाला मी नाही. ऐकल्यापासून जेवणावर वासना नाही. हे समजूत घालतात की लग्न मोबाइलवर थेट दिसेल. मी म्हटलं, मग पंगतीलाही मोबाइलच बसवा.

उघड्यावरचं लग्न आम्ही गेल्या महिन्यात इथेही पाहिलं. मांडवाला परदेशी फुलं होती आणि ती मधमाश्यांना फार आवडली. भटजी उपरण्यात तोंड लपवून मंगलाष्टकं म्हणत होते. लोक सारखे हात झटकत होते, त्यामुळे अक्षता मात्र छान सगळीकडे पोचल्या.

मोगरा सोडू नका, वहिनी. माझ्या सासूबाईंनी जन्मात माझं एकदाच कौतुक केलं, तेही त्या जडेचं. मनूला ती मिळालीच पाहिजे.

एक विचारू? रागावू नका. तुमचं अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे. तुमची पत्रं मी सुनांना दाखवते. या खेपेला मात्र शाईत पडलेल्या मुंग्या कागदावरून पळाल्यासारखं वाटलं. मनस्विनीचं नाव मला दोनदा वाचावं लागलं. तब्येत बरी आहे ना?

गुडघा धड नसला तरी जीव तुमच्यापाशीच आहे, हे विसरू नये.

आपली वासंती


॥ श्री ॥
देवनहळ्ळीहून परतताना, गाडीत
६ एप्रिल २०२५

चि. सौ. वासंतीस अनेक आशीर्वाद.

अक्षराचं म्हणशील तर गुरुदत्तनं ऑफिसातून आणलेलं फुकटचं पेन आहे, कुठे चालतं कुठे अडतं. आणि हे पत्र गाडीत लिहितेय. हेब्बाळच्या पुलावर आम्ही कधीचे उभे आहोत. उभ्या गाडीतही हादरे बसतात, असे रस्ते झालेत.

आज शेत पाहिलं. डोक्यावरून सारखी विमानं. विराज म्हणाला, त्याची फुलं अशाच विमानातून हॉलंडहून येणार. शेजारच्या शेतात गुलाब होते, त्यांचं विचारलं तर ते विमानानं परदेशी जातात म्हणे. दोन्ही फुलं वाटेत आकाशात भेटून एकमेकांना रामराम करत असतील. दारात नवरानवरीचा भला मोठा काळा-पांढरा फोटो लावणार, त्याला पांढऱ्या फुलांची चौकट. यावर माझं मत आहे. कुणी विचारलं तर बोलेन.

मोगऱ्यावरून मात्र आज परत भांडले. सगळं शेत गोळा झालं. म्हटलं, अरे, मोगरा तर पांढराच आहे. तर तो खाली मान घालून, हा पांढरा तो पांढरा नव्हे, पॅलेट, पॅलेट, इतकंच म्हणत राहिला. एक शब्द उलट बोलला नाही.

मला लागलं ते वेगळंच. मनस्विनी त्याच्या बाजूनं उभी राहिली. लहानपणी माझ्या मांडीला मांडी लावून कळ्या निवडणारी ही पोर, मला म्हणाली, अज्जी, राहू दे, थीमच तशी आहे. अय्यो, वासंती, घरच्या मुलीलाच नको असेल तर मी कुणासाठी भांडते?

गाडी हलली. पुरे करते. माझी आठवण ठेव, म्हणजे कुणीतरी ठेवतंय असं वाटेल.

तुझी गोदूवहिनी


बेंगळूर
१२ एप्रिल २०२५

ती. वासंतीआत्याअज्जीस मनस्विनीचा साष्टांग नमस्कार.

मला मराठी लिहायची सवय नाही. चुका झाल्या तर बेजार करून घेऊ नका. फोनवर हे बोलता येत नाही, अज्जी बाजूच्याच खोलीत असते आणि जे ऐकू यायला नको ते तिला बरोबर ऐकू येतं.

अज्जीचे हात थरथरतात. संक्रांतीला एळ्ळु-बेल्ल वाटताना पहिल्यांदा दिसलं, सगळे तीळ खाली सांडले. ती म्हणाली, ताटली गुळगुळीत आहे. आता कॉफीचा लोटा अर्धाच भरते. कुणाला सांगत नाही, डॉक्टरकडे येत नाही. फेब्रुवारीत तिनं गुपचूप सुटा मोगरा आणला होता, घरच्या देवीसाठी म्हणून. नंतर सगळ्या कळ्या मला मागच्या अंगणातल्या बादलीत दिसल्या. एकही गाठ बसली नव्हती.

म्हणून विराज घरी यायच्या आधीच मी त्याला सांगितलं, मोगऱ्याला नाही म्हण, कारण विचारलं तर पॅलेट म्हण. माझ्या डोक्यात असं होतं, की अज्जी हरली तर थीमपुढे हरेल, हातांपुढे नाही. पण आता तिला वाटतं, मलाच तिची जडे नको आहे. माझ्याशी कामापुरतं बोलते. आणि आत्याअज्जी, खरं सांगू? थीम माझी नाही, ध्रुवच्या ऑफिसातल्या मित्रांनी निवडली. मला लग्नात फक्त ती जडे हवी होती.

मी केलं ते चुकलं का? प्लीज स्वल्प लवकर उत्तर द्या.

तुमच्या आशीर्वादाची वाट बघणारी,
मनस्विनी


॥ श्री ॥
पुणे
२२ एप्रिल २०२५

चि. मनस्विनीस आत्याआजीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

मुली, तुझं मन मोठं आहे, पण अक्कल जरा तुझ्या आजोबांसारखी आहे. वहिनीला हरू द्यायचं नाही म्हणून तू तिचा आखाडाच बंद केलास. ती भांडते आहे ना, तोवर काळजी नाही. ती गप्प बसली की मला कळव.

आता ऐक. लग्नाच्या आदल्या दिवशी मोगरा आण आणि तिच्यासमोर ओत. जडे कर म्हणू नकोस, मला शिकव म्हण. थीमचं काय ते मागाहून बघता येईल. बोटं तुझी, तोंड तिचं. तिचं तोंड थरथरत नाही, याची खात्री मी देते.

गाठ तुला एका दिवसात यायची नाही. मला तर जन्मात आली नाही. म्हणून सोबत माझी गजऱ्याची सुई पाठवते आहे. ती सुई पाहिली की वहिनी चिडेल. चिडली की तिला हातांचा विसर पडतो. एवढंच साधायचं आहे.

या म्हातारीला लग्नात एका सुईइतकी तरी जागा दे.

तुझी आत्याआजी


॥ श्री ॥
मल्लेश्वरम्, बेंगळूर
१९ मे २०२५

चि. सौ. वासंतीस अनेक आशीर्वाद.

मंगलकार्य पार पडलं. मोबाइलवर तुला काय दिसलं कोण जाणे. तुझे विलासराव म्हणाले, बराच वेळ कुणाच्या तरी चपलाच दिसत होत्या. त्या नात्यातल्या आपल्या म्हाताऱ्या आप्पाजींच्या असणार. दारात तो काळा-पांढरा फोटो पांढऱ्या फुलांच्या चौकटीत उभा होता. आप्पाजी गाडीतून उतरले, फोटो पाहिला, चपला काढल्या आणि हात जोडून डोळे मिटले. त्यांचं बघून मागचे सगळे रांगेनं तेच करायला लागले. मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात विचारलं, दोघंही एकदमच गेली काय? ध्रुव बाजूलाच उभा होता, तो त्यांच्या पाया पडला. आप्पाजी दचकून खुर्चीत बसले ते पंगतीलाच उठले.

हॉलंडच्या फुलांनी मुहूर्ताआधीच माना टाकल्या. देवनहळ्ळीचं ऊन पॅलेट बघत नाही. शेवटी विराजनं स्वतः टेंपो पाठवून गावातून झेंडू आणवला, तोच आयुधपूजेचा.

आता जडेचं. आदल्या दुपारी मनस्विनीनं माझ्यापुढे मोगऱ्याचा ढीग ओतला आणि शिकव म्हणाली. कळ्या बघून मी विरघळले, थीमचं नावसुद्धा काढलं नाही. तिला एकही गाठ जमली नाही. मग तिनं पदराखालून तुझी सुई काढली. माझ्या घरात, माझ्या नातीच्या जडेला पुण्याची सुई! मी असं बोलले, असं बोलले, की शेजारची चंद्राबाई भांडण समजून सोडवायला आली. पोरगी हसत ओवत राहिली. जडे झाली. खाली जाड, वर बारीक, मधे एक पोक. पडवळ बरं.

सकाळी ती वेणीवर चढवायला घेतली, तर खोलीच्या दारात विराज आडवा. मोगरा पॅलेटमध्ये नाही म्हणाला. आधी माझ्याकडे बघितलं, मग मनस्विनीकडे, शाबासकी मिळेल अशा तोंडानं. आम्ही दोघी एकदमच त्याला म्हणालो, की आता पुरे, बाजूला हो. मग बिचारा रडकुंडीला येऊन म्हणाला, तुम्ही दोघींनी मला शपथ घातली आहे, आता मी कुणाचं ऐकू?

हो वासंती, दोघींनी. मनस्विनीचं तुला ठाऊकच होतं, ते तिनं मला नंतर सांगितलं. माझं तुला ठाऊक नाही. पहिल्याच दिवशी सगळे कॉफीला उठले तेव्हा मी त्याला कोपऱ्यात घेतलं होतं. म्हटलं, बाबा, मी कितीही भांडले, कितीही शिव्या दिल्या, तरी मोगऱ्याला हो म्हणू नकोस. माझी लाज तुझ्या हाती आहे. मी त्याला मूर्ख समजत होते. तो तीन महिने आम्हा दोघींसाठी शिव्या खात होता.

मी रडले. लग्नाच्या दिवशी रडू नये म्हणतात, तरी रडले. पोरीनं माझी अब्रू झाकायला मोगरा सोडला आणि मी तिच्यावरच रुसून बसले होते. तिनं माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. तेव्हा ते स्वल्प थांबले. मग त्याच हातांनी मी ती वाकडी जडे तिच्या वेणीला बांधली. एक पिन विराजनं लावली.

आता त्यानं जडेचा फोटो कुठेसा टाकलाय, खाली लिहिलंय हेरिटेज. दोन मुलींनी त्याच्याकडे अगदी तशीच मागितली, पोकासकट. तो विचारायला आला होता, तसा पोक कसा आणायचा. मी म्हटलं, त्याला पुण्याची सुई लागते. सुई माझ्यापाशीच राहील, परत मागू नकोस.

उद्या मनस्विनी मला डॉक्टरकडे नेणार आहे. मी सरी म्हणाले. गुडघा बरा झाला की ये, तुझ्याशी तोंडानं भांडायचंय.

तुझी गोदूवहिनी

ता. क. अक्षर लावायला वेळ लागेल, सावकाश वाच. पेन नवीन आहे, मनस्विनीनं दिलेलं. पेनाचा काही दोष नाही.