पामच्या झाडाखाली लावलेली आग

सारावाक, मलेशिया
२ मार्च २०२४

ति. संघप्रियाताईस राजदीपचा सप्रेम जय भीम वि. वि.

इथी मी अन् हेमराज जितेजागते आहो, तुमी सारे तसेच असान. बराकीत रेंज येत नाई, म्हणून कागदावर लिहून राह्यलो. ऑफिसातला श्रीहरी, आपल्या सिरोंच्याकडचा, शहरात गेला की याचा फोटो तुले धाडते. अक्षराले हसू नको. आठवीतून पळालेल्याचं अक्षर पळतच राहते.

काम पामच्या बागेत. या फळाचं तेल निघते. घड पिकला की सुटे दाणे खाली गळतात, ते गवतातून एकेक वेचा म्हणते मुकादम. कंबर मोडते. मंग मी काल आपल्या मोहाची युक्ती केली. बाबा मोहफुलं गळायच्या आधी झाडाखालचा पाला जाळतात, तशी पाच झाडांखाली काडी लावली. पाला जळाला, हिरव्या फांदीनं झोडपून विझवली, वरून दोन बादल्या पाणी. जागा साफ झाली. हेमराज म्हणे, मुकादमानं पाह्यलं तर तुलेच घडासारखा टांगन. तो भेकडच हाये. दाणे मात्र माझ्यासंगं पटापट वेचले त्यानं.

लोभ पातळ होऊ देऊ नको.
तुझा राजदीप

चामोर्शी तालुका
११ मार्च २०२४

चि. राजदीप यास ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अंगणवाडीतल्या पोरांचं अक्षर तुझ्यापेक्षा बरं आहे. यंदा मोह लवकर गळायला लागला, आणि ऊन आत्ताच एप्रिलसारखं आहे. बाबांनी झाडाखाली आग लावली म्हणून वनरक्षक घरी आला. जाळू नका, जुन्या साड्या अंथरा म्हणाला. बाबा त्याला म्हणाले, घरच्या बाईले साडी पुरत नाही अन् झाडाले कुठून नेसवू? तो हसला, चहा पिऊन गेला.

हेमराजची आई चंदाबाई रोज विचारते, पोराला मासोळी मिळते का. तळ्यातली बारीक मासोळी तिने त्याच्यासाठी वाळवून ठेवली आहे. त्याला भेकड म्हणू नकोस. तिचा एकुलता आहे, त्याला सांभाळ.

मायेत कमी नाही, हे तुला ठाऊक आहेच.
ताई

सारावाक
२६ मार्च २०२४

ति. ताईस जय भीम.

हेमराज गेला. तिथी फोन आला असन. कसा गेला ते लिहितो.

बागेच्या कडेला पाच दिवसांपासून जमिनीतून धूर निघत होता. आग दिसत नव्हती. आमाले पंप घेऊन धाडलं. हेमराज पाइप घेऊन पुढं होता. त्यानं पाय टाकला अन् जमीन खचली. वरून थंड दिसे, खाली सारा निखारा. कमरेपर्यंत गेला. पाइपाले धरून ओढला त्याले. दोन दिवस दवाखान्यात होता, मंग गेला. त्या सांजेला मी जेवलो. भात होता.

इथी विद्यापीठातली एक मॅडम जमिनीवर पांढरे डबे ठेवून हवा मोजते. श्रीहरीनं तिचं बोलणं समजावलं. ही माती नोहे म्हणे. पाण्यात बुडालेला हजारो वर्षांचा पाला हाये, कुजलाच नाई. बागेसाठी नाल्या खोदून पाणी काढलं, तो वाळला. आता पेटला की खालच्या खाली महिना महिना सरकते. झाडांनी हजारो वर्षांत जो कार्बन साठवला, तो आठ दिवसांत आभाळात जाते. मी विचारलं, आमच्याकडं येते का हा धूर. धूर इथंच बसते म्हणे, वायू साऱ्या दुनियेत पसरते अन् ऊन वाढवते. लाखो वर्षं दबून राहिला असता तर याचाच कोळसा झाला असता. घुग्घुसच्या खाणीत ट्रकवर होतो तवा कोळशाचा ढीग आतून धुमसताना मी रोज पाह्यला. तरी मले इथी समजलं नाई.

चंदाबाईले काय सांगाचं ते तूच पाहा.
राजदीप

चामोर्शी तालुका
६ एप्रिल २०२४

चि. राजदीप, आशीर्वाद.

पेटी आली. उघडू दिली नाही. माती वैनगंगेच्या काठी दिली. पेटीसोबतचा कंपनीचा कागद मास्तरांनी वाचला. त्यात लिहिलं आहे की हेमराजच्या बिडीनं आग लागली. चंदाबाई उठून उभी राहिली. म्हणाली, माझा पोरगा तंबाखूचा खर्रा खाये, बिडी कधी ओढली नाई. आता तळ्यावर जाळं टाकायला गेली की बायका म्हणतात, पोरानं तिकडं जंगल जाळलं अन् सोताही गेला. ती ऐकून घेते.

तुझं दोन मार्चचं पत्र माझ्याजवळ आहे. मी कोणाला दाखवलं नाही. ते मी तुझ्यासाठी लपवते आहे की माझ्यासाठी, ते मला समजत नाही. तुझ्या पाच झाडांपासून ती जागा किती लांब होती, एवढंच लिही.

ताई

सारावाक
११ एप्रिल २०२४

ति. ताईस जय भीम.

दोनशे पावलं. मी मोजली.

श्रीहरीले घेऊन साहेबाकडं गेलो. सांगितलं, काडी मी लावली, हेमराजनं नाई. साहेब म्हणे कागद गेला, केस मिटली, तू काऊन मरतं? कामावर जा. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. बाहेरच बसवून ठेवलं. मंग मी एका कागदावर सारं लिहून अंगठा अन् सही दोनी केलं अन् त्याच्या टेबलावर ठेवून आलो. त्याचं काय केलं माहीत नाई.

ते दोन मार्चचं पत्र लपवू नको. चंदाबाईच्या अंगणात, चार बायका बसल्या असान तवा मोठ्यानं वाच. हेही वाच. माझा करार पंधरा मेले संपते. मी गावी येतो, तिनं काय कराचं ते करावं.

राजदीप

चामोर्शी तालुका
१६ एप्रिल २०२४

चि. राजदीप,

दोन्ही पत्रं वाचली. बाबाही होते. बायका मान खाली घालून उठून गेल्या. चंदाबाईनं पहिलं पत्र पुन्हा वाचायला लावलं. हेमराजनं दाणे वेचले त्या ओळीशी मला थांबवलं. मग विचारलं, ती आग विझली का? मी म्हटलं, ठाऊक नाही. तेव्हा ती म्हणाली, त्याले लिही, विझल्याबिगर गावात पाय ठेवू नको.

मी तिचा शब्द बदलला नाही. माझी माया आहे तशीच आहे, पण ती तुला इथे बोलावू शकत नाही.

ताई

सारावाक
१४ मे २०२४

ति. ताईस जय भीम.

करार वाढवला. पंपाच्या टोळीत नाव दिलं. मॅडम म्हणते नाली बंद करून पाणी जमिनीच्या बरोबरीले आलं तरच विझन, नाईतर वरून कितीही मारा. दोन नाल्या बंद केल्या, तिसरीले कंपनी नाई म्हणून राह्यली. फावडं माझ्याजवळ हाये.

रोज सकाळी त्या जागेवर जातो. जमिनीत कोपरापर्यंत हात घालून पाहतो. अजून गरम हाये. चंदाबाईले सांग.

राजदीप