एकही हरकत आली नाही

प्रिय देवेश,

परवा फोनवर 'ताई, कार्ड बदल ना' म्हणून तू मोकळा झालास. अरे शहाण्या, कार्ड बदलेन, पण त्यावरचा नऊ वर्षांचा पाऊस कुठून आणू?

वाडीतल्या माझ्या शाळेच्या छपरावरचा पर्जन्यमापक दर तासाचा पाऊस त्या जुन्या मेमरी कार्डावर नोंदवतो. महिन्यातून एकदा ते शाळेच्या संगणकाला लावून मी नोंदी नुसत्या बघायची. जूनमध्ये संगणक अपडेट झाला आणि तेव्हापासून तो हे कार्ड वाचतच नाही. लोधिवलीत दाखवलं, नेरळला दाखवलं. कार्ड चांगलं आहे म्हणे, पण ते ओळखणारा ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्रामच नव्या सिस्टीममधून काढून टाकलाय. आणि काढणारा कोण, तर ती सिस्टीम बनवणाऱ्या ऑफिसातला माझा सख्खा भाऊ!

वाडीच्या वर डोंगराला भेग पडलीय, हे तुला ठाऊक आहे. लोकांना खाली सपाटीवर जागा द्यायची की नाही, याची खालापूरला सुनावणी चालू आहे. किती पावसात माती सरकते, याचा यंत्राचा पुरावा साहेबांना हवा. मागच्या तारखेला मी रिकाम्या हातानं उभी राहिले. परतताना वाडीतल्या मैनानं विचारलं, "बाय, आमचा पाऊस गेला कुटं?" तिची तीन पोरं त्या भेगेखाली झोपतात रे!

वर तू म्हणतोस, काढण्याआधी मेलवर सूचना टाकली, तीन महिने मुदत दिली, एकही हरकत आली नाही. वा रे वा! आपल्या शेतातून रस्ता गेला, तेव्हाची नोटीसही अशीच कुठल्याशा बंद खोलीत चिकटवली होती. तिथंही एकही हरकत आली नव्हती. आबा त्या कुलपासमोर घसा फोडून ओरडले, तेव्हा तू शेजारीच उभा होतास. आज तूच तशी नोटीस लावतोस? तुझ्या इंग्रजी मेलची दवंडी आमच्या वाडीत कोण पिटणार होतं?

बावीसला पुढची तारीख आहे. तोवर नोंदी कशाही काढून दे, तेवढं भाऊ म्हणून कर. पण माझ्यासारखी आणखी कुठं कुणी अडली असेल, तिला भाऊ नसेल. म्हणून हे पत्र घरी न पाठवता तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर धाडतेय. पुरावा म्हणून कार्ड सोबत जोडलंय, आमच्याकडे ते एकच आहे. मुदत टळली, तरी ही माझी हरकत. दाखल करून घे.

तुझीच,
हर्षलाताई