निनावी पत्राचं पहिलं पान

तायसिस मावशी,

आपल्या ख्रिस्ती मंडळीच्या सभेत वाचायच्या पत्रांची नवी नक्कल मी करते आहे. त्यातल्या एका पत्रावर लिहिणाऱ्याचं नावच नाही. गुंडाळीचं पहिलं पान बाहेर राहतं आणि हाताळून आधी फाटतं. नाव तिथेच गेलं, असं आमचे वडीलधारे कोप्रेसबाबा धरून चालले आहेत.

"वर ख्रिस्ताच्या एखाद्या प्रेषिताचं नाव घाल. निनावी पत्र सभेत वाचता यायचं नाही."

"पण बाबा, पहिलं पान शाबूत आहे. वरची कोरी जागासुद्धा. म्हणजे नाव कधी लिहिलंच नव्हतं."

"पोरी, तुला नक्कल करायला बसवलंय की चौकशी करायला?"

"मग नाव तुम्हीच घाला, तुमच्या हाताने."

बाबांनी बोरू उचलला, बराच वेळ धरला आणि खाली ठेवला. "या रविवारी वाचू," ते म्हणाले. "नावाचं मागाहून बघू."

छळाला भिऊन मंडळी सोडून गेलेली पाच माणसं एका घरी हे पत्र ऐकून परत आली होती, मावशी. त्यात लिहिलंय की मागावरच्या ताण्यातला, म्हणजे उभ्या धाग्यांतला, तुटलेला धागा फेकू नये, थुंकी लावून पुन्हा जोडावा. असा धागा जोडताना मी एकाच बाईला पाहिलंय.

तू लिहिलंस का? तू 'हो' म्हणालीस, तर बाबांपुढे मला खोटं बोलता येणार नाही, आणि विणकर बाईचं पत्र ते वाचू देणार नाहीत. म्हणून माझं हे पत्र तुला पाठवत नाही. रविवारी मात्र पुढे बसून ऐकणार आहे.

तुझी भाची,
हेरैस
आलेक्सांद्रिया