बोटभर पानं उरली होती

प्रिय मावशी,

बाजारातून येऊन तास झाला. बांगडे अजून पिशवीतच आहेत आणि मी ओट्याजवळच्या स्टुलावर बसून तुला पत्र लिहितेय. तुला वाचता येत नव्हतं, हे काय मला ठाऊक नाही? पण बारा वर्षं तुला सगळं तोंडी सांगितलं आणि त्यात एकदा खोटं बोलले. ते परत तोंडी सांगायला आता तू नाहीस.

श्रावण, मग गणपती. दीड महिना आमच्याकडे मासे बंद. आज विसर्जनानंतरचा पहिला रविवार. बोरिवलीच्या बाजारात तुझ्या कोपऱ्यावर आले, तर तुझ्या पाटीमागे तुझी सून. मी विचारलं, "मावशी कुठेय?" कोयत्यावरचा हात न थांबवता ती म्हणाली, "गेली. नारळी पुनवेच्या आधी. झोपेतच." आणि मी काय बोलावं? "सहा बांगडे दे"! असं कुणी बोलतं का गं? पण तोंडातून तेच आलं.

तुझं नाव जनाबाई होतं, हेसुद्धा आज कळलं. बारा वर्षांत मी विचारलं नाही, तूही माझं कधी विचारलं नाहीस. तू मावशी, मी बुकवाली. तेवढ्यात भागलं.

पहिल्या दिवशी लायब्ररीतून परस्पर बाजारात आले होते. पिशवी भरलेली, म्हणून पुस्तक काखेत. तू सुरमईचे तुकडे करता करता मान वर केलीस आणि हनुवटीनंच पुस्तक दाखवलंस. "ह्यात काय हाय गो?" मी सहज दोन वाक्यांत सांगितलं. तुकडे पिशवीत टाकून तू म्हणालीस, "मंग? पुढं काय झाला?" पुढचं मी वाचलंच नव्हतं. "बुधवारी सांग," असं म्हणून तू दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलीस. शाळेत बाईंचा गृहपाठ चुकवला असेल मी, तुझा कधी चुकवला नाही.

बुधवार, शुक्रवार, रविवार. माशांचे वार तेच गोष्टीचे वार. एकट्या माझ्याच नाही हं! तू सगळ्यांनाच विचारायचीस, "काय वाचतंस सध्या?" चष्मेवाल्या टीचर भुतांचं वाचायच्या, बँकेतले काका राजाचं, आणि कोण काय वाचतंय हे आम्हाला एकमेकांबद्दल तुझ्याकडून कळायचं. "टीचरचा संपला. तुझा झाला की बदला करा," असा हुकूम सुटायचा. मग प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं पुस्तक तुझ्या पाटाखालून निघायचं. आमचे हे घरी आल्यावर नाक मुरडून विचारायचे, "ह्या पुस्तकाक बांगड्याचो वास खयसून येता?" मी म्हणायचे, गोष्टच तशी आहे.

आता आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही कुणीतरी विचारतं, सध्या काय वाचताय? सगळे मुखपृष्ठांचे फोटो टाकतात, खाली अंगठे येतात, की संपलं. पुढं काय झालं, असं एकानं तरी विचारावं? कुणी नाही विचारत.

आणि श्रावणात तू किती चिडायचीस! "देवाला मासं नको, गोष्ट पण नको काय?" नुसती गोष्ट सांगायला यायचं म्हणून दरवर्षी ठरवायचे आणि दरवर्षी राहून जायचं. या वर्षीसुद्धा राहिलं. या एका गोष्टीचा मला माझाच फार राग आलाय, मावशी.

पण मुद्दा त्या पुस्तकाचा. चार वर्षांपूर्वीचं, दर्यावर गेलेल्या माणसाचं. पुस्तकातली नावं तुझ्या ध्यानात राहायची नाहीत, म्हणून तू त्याला 'लांबडा' म्हणायचीस आणि त्याच्या बायकोला नुसतं 'ती'. वादळ आलं, बाकीच्या होड्या परतल्या, लांबड्याची होडी आली नाही, इथवर मी रंगवून रंगवून सांगितलं होतं. तू नेहमीप्रमाणे विचारलंस, "किती उरला?" मीही नेहमीप्रमाणे पुस्तक काढलं आणि खुणेच्या लाल दोऱ्यापुढची पानं तुझ्यासमोर धरली. तुझे हात ओले, म्हणून तू लांबूनच बोट आडवं धरून जाडी मोजलीस. "बोटभर हाय. रविवारी संपल."

तू पाणी आणायला उठलीस आणि शेजारची कोळीण माझ्यावर खेकसली, "काय गोष्टी सांगतंस तिला? तिचा घोव असाच गेलाय दर्यात. अजून नाय आला."

मला कुठे तोंड लपवू असं झालं. तीन आठवडे मी तुला तुझ्याच नवऱ्याचं सांगत होते आणि तू मान हलवत ऐकत होतीस! का नाही थांबवलंस मला?

घरी येऊन शेवट वाचला. लांबडा येत नाही, मावशी. रविवारी मी तुझ्यासमोर उभी राहिले आणि एका दमात सांगून टाकलं, की आठव्या दिवशी होडी दिसली, तो उतरला, दाढी वाढलेली, तिनं त्याला ओळखलंच नाही आधी, आणि मग ओळखलं. संपलं पुस्तक. तू माझ्या तोंडाकडे पाहिलंस, मग पिशवीतून डोकावणाऱ्या पुस्तकाकडे. "बरा झाला," म्हणालीस. "आला ना, बरा झाला." आणि माझ्या पिशवीत मूठभर मांदेली जास्त टाकलीस.

तेव्हापासून चार वर्षं ती मांदेली मला बोचतेय. सांगावं का? सांगून काय मिळणार? आज सांगू, पुढच्या बुधवारी सांगू.

आणि आज तुझी सून बांगडे साफ करून झाल्यावर विचारते, "बुकवाली तूच काय?" मी मान हलवली. ती हसली. "सासू बोलायची, बुकवालीनं मना गंडवला. दोरा तिथल्या तिथंच, बोटभर पानं बाकी, आणि बोलली संपला."

म्हणजे तुला माहीत होतं! त्याच क्षणी माहीत होतं! मी दोरा पुढे सरकवायला विसरले आणि तू, अक्षर न वाचणारी, मला वाचून मोकळी झालीस.

"रागावली होती का गं?" मी विचारलं.

"रागवंल कशाला? बोलायची, माजा माणूस परत आणायला कोन नाय आला. हिनं निदान बुकातला आणला." मग कोयता धुता धुता म्हणाली, "बाजारातनं घरी जाताना होडीत सगळ्या बायांना सांगितलान तिनं ती गोष्ट. खाडीपल्याड आमच्या गोराईत कोनाला पन इचार, लांबडा आला म्हनूनच सांगतील."

मला तेव्हापासून ती होडी दिसतेय. दुपारची, संथ पाण्यातली. रिकाम्या पाट्या एकात एक घातलेल्या, बाया पाय पसरून बसलेल्या, कुणाचा डोळा लागलेला. मधे तू. माझा खोटा शेवट तू त्यांना सांगतेयस, दाढीसकट. खाडी संपत नाही, किनारा येत नाही, आणि प्रत्येक फेरीला तो माणूस पुन्हा एकदा होडीतून उतरतो. इतकं सुंदर कुठल्या पुस्तकात वाचलंय मी? स्टुलावर बसल्या बसल्या खरंच डोळा लागला असावा माझा. जाग आली ती मांजराच्या आवाजानं, पिशवीशी आलं होतं.

पण निघताना सुनेनं एक विचारलं आणि ते काही डोक्यातून जात नाही. "त्या बोटभर पानांत काय होता गो? सासू लय वेळा बोलायची, एक दिवस इचारीन तिला." 

का नाही विचारलंस, मावशी? मी लाजेन म्हणून? अगं, मी समजत होते की ती पानं तुला सोसणार नाहीत. आत्ता कपाटातून पुस्तक काढून पुन्हा वाचली. लांबडा येत नाही, ते अर्ध्या पानातच उरकलंय. बाकी सगळी पानं तिची आहेत. ती पहाटे उठते, पाटी उचलते, बाजारात कोपरा धरून बसते. पहिल्या दिवशी तिला ओरडून भाव सांगता येत नाही. चौथ्या दिवशी येतो. एवढंच आहे. तुझीच पानं होती ती, आणि तुला वाचवायच्या नादात मी तुलाच त्यातून काढून टाकलं. हे मला फार लागलंय.

तर आता ऐक. येत्या बुधवारी मी पुस्तक घेऊन तुझ्या कोपऱ्यावर जाणार आहे आणि सुनेला ती पानं सांगणार आहे, दोरा हलवत, एकही न गाळता. तिला वेळ नसला तर मासे साफ होईपर्यंत सांगेन, उरलेलं शुक्रवारी. पुढच्या श्रावणातही जाईन, नुसती गोष्ट सांगायला. पण गोराईत लांबडा आलाय, तो आलाच. त्याला मी परत दर्यात ढकलणार नाही. तुझी पानं त्याच्यापुढे जोडेन. तो घरात गाढ झोपलेला असेल, आणि ती पाटी उचलून पहिली होडी धरेल.

तुझी,
बुकवाली