सुनंदाने हुंगलेली वाईन

देवास, रविवार संध्याकाळ, फाल्गुन

आज शेवटी सांगून टाकलं. दोन वर्षांपूर्वीच्या तापानंतर मला वास येत नाही, हे मी बायकोपासून, सुनंदापासून लपवलं होतं. रोज जेवायला बसलो की आमटीच्या खमंग वासाचं कौतुक करायचो. तिला वाईट वाटू नये म्हणून, की मलाच ते मान्य नव्हतं म्हणून? कोण जाणे.

सकाळी धारजवळच्या एका छोट्या वायनरीत गेलो होतो. द्राक्षमळ्यातच चार खुर्च्या मांडलेल्या. मालकाने पेल्यात तांबडी वाईन ओतली. इकडच्या माळवी थाटात भैयाला 'भिया' म्हणत म्हणाला, "भिया, पहले सूंघो. क्या खुशबू आई?"

सुनंदा माझ्याकडे बघत होती. पुन्हा खोटं बोलवेना.

"मला दोन वर्षं कसलाच वास येत नाही."

"मग आमटीचं कौतुक?" तिने विचारलं.

"अंदाजाने करायचो."

"गुरुवारी ती करपली होती. तुम्ही दोनदा मागून घेतलीत."

तिने खुर्ची मागे सरकवली. मला वाटलं, उठून जाईल. पण तिने माझाच पेला उचलून हुंगला. गाडी तिला चालवायची होती, म्हणून घोट नाही, नुसता वास. "जांभूळ आहे. मागून ओली माती."

दुसरा पेला आला. "हा पिकलेला पेरू."

ती सांगत गेली, मी पीत गेलो. जिभेवर नुसता आंबटपणा, तरी ते जांभूळ मला दिसत होतं.

परतताना काचा खाली होत्या. मी डोळे मिटून बसलो होतो आणि ती न विचारता सांगत होती, "हा कापलेला गहू. इथे कुणीतरी गोवऱ्यांवर कणकेचे बाफले भाजतंय."

देवास येईपर्यंत मी डोळे उघडले नाहीत.